एक फाईल म्हणजे नेमकं किती?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण तो शेवटी शाळेच्या स्लॅबवर आणि माहिती अधिकाराच्या अर्जावर येतो. म्हणून पूर्ण वाचा.

२०१२ सालची गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेची नवी खोली बांधून वर्षही झालं नव्हतं आणि स्लॅबच्या खालच्या अंगाने सळया दिसायला लागल्या होत्या. एका पालकाने फोन केला, मी गेलो. सळईशेजारी टेप धरून फोटो काढले. भिंतीच्या भेगेत मोटारसायकलची किल्ली आत जात होती, तिचाही फोटो काढला. एकूण अकरा फोटो.

माझा कॉम्प्युटर नेमका दुरुस्तीला होता. दिवाळीला भाचा पुण्याहून आला होता, त्याच्याकडे मॅक. म्हणाला, "मामा, ह्याच्यात लिहा की. फोटोपण मजकुरात ओढून टाका. एकच फाईल होईल." खरंच झाली. मजकूर आणि अकरा फोटो, सगळं मिळून स्क्रीनवर एकच चित्र, एकच नाव. ती पेनड्राईव्हवर घेतली आणि एसटीने जिल्ह्याच्या कार्यालयात पाठवून दिली. मी तेव्हा ज्या पेपरसाठी लिहायचो त्याचं नाव इथे घेत नाही, कारण दोष त्यांचा नाही. फोन करून ऑपरेटरला सांगितलं, "पेनड्राईव्हमध्ये एकच फाईल आहे, ती घे."

दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. आतल्या पानावर, बारा ओळी, एकही फोटो नाही.

मी तावातावाने फोन केला. ऑपरेटर शांतपणे म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात एकच फाईल आहे. उघडलं तर फोल्डर निघाला. आत एक मजकुराची फाईल होती, ती घेतली. बाकी काय काय होतं, ते तुमच्या लॅपटॉपचं असेल असं वाटलं." पेनड्राईव्ह? व्हायरसच्या भीतीने फॉरमॅट करूनच परत द्यायची, ही त्यांची पद्धत. कॅमेऱ्याचं कार्ड? त्यावर मी लक्ष्मीपूजनाचे फोटो काढून मोकळा झालेलो. आणि भाचा पुण्याला जाताना "मामांचं काम झालं" म्हणून ती फाईल पुसून गेला होता.

आठ दिवसांत ठेकेदाराने खालून गिलावा मारून घेतला. मग खुलासा आला, बातमी निराधार आहे, सळया दिसत नाहीत. खरंच दिसत नव्हत्या. पुढच्या पावसाळ्यात तोच गिलावा पोरांच्या बाकांवर पडला. रविवार होता, एवढंच नशीब.

आता प्रश्न असा की चूक कोणाची? भाचा म्हणाला एक फाईल, त्याच्या स्क्रीनवर ती एकच होती. ऑपरेटर म्हणाला फोल्डर, त्याच्या स्क्रीनवर तो फोल्डरच होता. दोघेही खरं बोलत होते. वस्तू तीच, पेनड्राईव्ह तीच. मग ती एक होती की बारा? या प्रश्नाने मला इतकं छळलं की पुढची काही वर्षं मी मिळेल ते वाचत गेलो. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगतो.

आधी हे समजून घ्या की फोल्डर, ज्याला तांत्रिक भाषेत डिरेक्टरी म्हणतात, ही काही पिशवी नव्हे. स्क्रीनवर पिवळी पिशवी दिसते, आपण तिच्यात कागद टाकतो असं वाटतं. पण डिस्कवर तसं काही नसतं. डिरेक्टरी ही एक यादी असते, दुकानदाराच्या वहीसारखी. या नावाचा माल गोदामात अमुक क्रमांकाला ठेवलाय, एवढंच तिच्यात लिहिलेलं. माल दुसरीकडे असतो.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७० च्या आसपास युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली. तिच्यात तर हे उघडच होतं. डिरेक्टरी ही स्वतःच एक फाईल. प्रत्येक नोंद १६ बाइटची, त्यातले २ बाइट क्रमांकाला आणि १४ बाइट नावाला. म्हणून त्या काळी फाईलचं नाव १४ अक्षरांपेक्षा मोठं ठेवता येत नसे. साधी फाईल वाचायची आज्ञा देऊन डिरेक्टरीसुद्धा वाचता यायची. फरक एवढाच की तिच्यात सामान्य वापरकर्त्याने थेट लिहायचं नाही, ते काम सिस्टीम स्वतः करणार. तलाठ्याची वही आपण बघू शकतो, पण नोंद आपण करायची नाही, तसं. आज लिनक्सवर तीच आज्ञा दिली तर मशीन सांगतं, ही डिरेक्टरी आहे, आणि वाचून दाखवत नाही.

म्हणजे एक आणि अनेक यांच्यातली रेषा निसर्गाने आखलेली नाही. माणसांनी बसून ठरवलेली आहे. आणि ज्यांनी ज्यांनी ती आखली, त्यांनी ती वेगवेगळ्या जागी आखली.

१९८४ साली ॲपलचं मॅकिंटॉश आलं. त्यांनी ठरवलं की एका फाईलला दोन अंगं असतील. एकात मजकूर किंवा माहिती, दुसऱ्यात चित्रं, मेनू, खिडक्यांचे आराखडे वगैरे. वापरणाऱ्याला एकच चित्र दिसायचं. मॅकच्या घरात हे छान चाललं. पण फाईल घराबाहेर पडली, दुसऱ्या सिस्टीमच्या डिस्कवर गेली, की तिथे दुसरं अंग ठेवायला जागाच नसायची. ते गळून पडायचं. आजही मॅकवरून पेनड्राईव्ह भरून आणली की विंडोजवर ठिपका आणि अधोरेखाने सुरू होणाऱ्या चिमुकल्या फाईली जागोजाग दिसतात ना? पुष्कळ लोक त्यांना व्हायरस समजून पुसतात. ती ही गळलेली दुसरी अंगं, वेगळी बांधून पाठवलेली.

इंग्लंडमध्ये एकॉर्न नावाची कंपनी होती. १९८७ च्या सुमारास तिच्या कॉम्प्युटरवर जी सिस्टीम आली, तिचं नाव पुढे रिस्क ओएस पडलं. तिने साधी युक्ती काढली. फोल्डरच्या नावाची सुरुवात उद्गारचिन्हाने केली की तो फोल्डर राहत नाही, तो प्रोग्रॅम होतो. दोनदा क्लिक केलं की चालू होणार. शिफ्ट दाबून क्लिक केलं की मात्र आतलं सामान दिसणार. प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर न्यायचा? तो फोल्डर उचला आणि तिकडे ठेवा. काढून टाकायचा? फोल्डर पुसा. 'इन्स्टॉल' नावाचं कर्मकांडच नाही.

तिसरी तऱ्हा स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीची. ॲपलमधून बाहेर पडल्यावर १९८५ मध्ये त्यांनी ती काढली, आणि १९८९ मध्ये तिची नेक्स्टस्टेप ही सिस्टीम बाजारात आली. तिथे फोल्डरच्या नावाच्या शेवटी ठरावीक शेपटी लावली, उदाहरणार्थ 'डॉट ॲप', की तो एक वस्तू म्हणून दिसायचा. १९९६ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घ्यायचं ठरवलं, आणि २००१ मध्ये आलेली मॅक ओएस टेन याच पायावर उभी राहिली. आज मॅकवरचं प्रत्येक ॲप म्हणजे खरं तर एक फोल्डर असतो. त्यावर उजवं क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' म्हटलं की आतला संसार दिसतो. आयफोनवरची ॲप्सही अशीच.

आमच्या भाच्याची 'एक फाईल' याच जातीची होती. शेपटी होती 'आरटीएफडी'. आत मजकुराची एक फाईल आणि शेजारी अकरा फोटो.

ही कल्पना मूर्खपणाची नाही बरं का, उलट फार सुंदर आहे. दोन उदाहरणं देतो.

पहिलं भाषेचं. ॲपच्या पोटातल्या फोल्डरमध्ये प्रत्येक भाषेसाठी एक उपफोल्डर ठेवायची सोय आहे. इंग्रजीचा वेगळा, फ्रेंचचा वेगळा. मराठीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे 'एमआर'. ॲप बनवणाऱ्याने त्या नावाचा उपफोल्डर करून त्यात मराठी वाक्यं ठेवली, की तेच ॲप मराठीत बोलायला लागतं. मूळ प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. घर तेच, फक्त एक खोली वाढवली.

दुसरं उदाहरण कामाचं. समजा दोनशे फोटोंचा अल्बम आहे आणि तुम्ही एक फोटो बदलला. सगळं खरोखरच एका फाईलमध्ये असेल तर पुष्कळदा ती अख्खी पुन्हा लिहावी लागते. फोल्डर असेल तर तेवढा एक फोटो बदलला की झालं. बॅकअप घेतानाही तेवढाच फोटो उचलला जातो.

मग घोडं अडतं कुठे? गाठ कुठे मारली आहे, या मुद्द्यावर.

मॅकवरचा फोल्डर 'एक वस्तू' दिसतो, कारण मॅकला ती शेपटी ओळखता येते. गाठ वस्तूवर नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे. दुसऱ्या सिस्टीमसमोर तीच वस्तू ठेवा, तिला ती शेपटी माहीत नाही, तिला बारा सुट्या वस्तू दिसतात. आणि सुट्या वस्तूंचं सुट्या वस्तूंसारखंच होतं. कोणी एक उचलतो, कोणी दोन पुसतो. इंटरनेटवरच्या साठवणीत त्या एकेक करून चढतात आणि मध्येच नेट गेलं की सात वर, पाच खाली.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. एखादी फाईल सुरक्षितपणे बदलायची असेल तर प्रोग्रॅम आधी नवी प्रत पूर्ण लिहितो आणि मग एका झटक्यात जुन्याचं नाव नव्याला देतो. मधेच लाईट गेली तर एक तर जुनी शाबूत, नाही तर नवी शाबूत. अर्धवट काही नाही. युनिक्सच्या वंशातल्या सिस्टीममध्ये एका फाईलसाठी ही हमी मिळते. भरलेल्या फोल्डरच्या जागी त्याच साध्या पद्धतीने दुसरा फोल्डर ठेवता येत नाही, कारण आधी जागा रिकामी करावी लागते. म्हणजे दिसायला एक, पण 'एक' असण्याची जी मुख्य हमी, सगळं किंवा काहीच नाही, तीच नाही.

याच्या उलट वाट दुसऱ्यांनी धरली. फोल्डरला फाईलचं सोंग देण्याऐवजी त्यांनी फाईलच्या पोटात फोल्डर घातला. फिल कॅट्झ या अमेरिकन माणसाने १९८९ मध्ये झिप आणलं, ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. अनेक फाईली आणि उपफोल्डर आत, बाहेरून खरोखर एकच फाईल. आतल्या मालाची यादी अगदी शेवटी लिहिलेली असते, म्हणून डाउनलोड अर्धवट राहिलं की झिप उघडायला नकार देते. आपल्याला राग येतो, पण ती प्रामाणिकपणे सांगत असते की मी अपुरी आहे.

आता गंमत बघा. २००७ च्या ऑफिसपासून वर्डची फाईल 'डॉक्स' म्हणून जतन व्हायला लागली. ती प्रत्यक्षात झिपच आहे. विश्वास बसत नसेल तर एखाद्या डॉक्स फाईलची प्रत काढा, शेपटी बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात मजकूर आणि 'मीडिया' नावाच्या उपफोल्डरमध्ये तुमचे फोटो. लिबरऑफिसची ओपन डॉक्युमेंट फाईल, ई-पुस्तकाची ईपब, अँड्रॉइडचं ॲप बाहेरून येतं ती एपीके, सगळ्या झिपच. आयफोनचं ॲप फोनवर फोल्डर असतं, पण पाठवताना त्याचीही झिपच बांधतात. खुद्द ॲपलच्या पेजेस या लेखन-प्रोग्रॅमची फाईल आधी फोल्डर असायची, २००९ च्या आवृत्तीत ती मुळातच एक सलग फाईल म्हणून जतन व्हायला लागली.

माझे अकरा फोटो डॉक्समध्ये असते तर पोचले असते. कारण तिची गाठ वस्तूवरच मारलेली असते.

कोणी म्हणेल, मग दोन्ही का नको? तीच वस्तू गरजेप्रमाणे फाईल आणि गरजेप्रमाणे फोल्डर असं का नाही करत? केलं होतं ना. रायझर-४ नावाच्या फाईल सिस्टीमने हे सुचवलं आणि २००४ मध्ये लिनक्स घडवणाऱ्यांमध्ये यावरून जोरदार वाद झाला. आक्षेप दोन होते. एक, दोन प्रोग्रॅम एकाच वस्तूकडे वेगवेगळ्या नजरेने आले तर कुलूप कोणी कोणाला लावायचं, याचा हिशेब बसत नाही आणि दोघेही एकमेकांची वाट बघत अडकू शकतात. दोन, कॉपी करणाऱ्या आणि बॅकअप घेणाऱ्या हजारो जुन्या प्रोग्रॅम्सना हे नवं रूप माहीतच नाही. ते वरची फाईल नेतील आणि आतलं सामान मागे राहील. म्हणजे आमच्या ऑपरेटरने केलं तेच, पण जगभर. ती फाईल सिस्टीम मूळ लिनक्समध्ये कधी आली नाही.

इतकं वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला तो कॉम्प्युटरबद्दल नाही, कचेरीबद्दल.

आपल्या सरकारी भाषेत फाईलला काय म्हणतात? नस्ती. नस्ती हा एक कागद असतो का? नाही. एका बाजूला टिपणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार, प्रत्येक पानाला क्रमांक, आणि या सगळ्यातून ओवलेली नाडी. म्हणजे नस्ती हा फोल्डरच आहे, जो आपण एक वस्तू म्हणून वागवतो. "फाईल साहेबांच्या टेबलावर आहे", "फाईल हलली", "फाईल अडली". सगळं एकवचनात. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद रुमालात बांधलेले असतात आणि अभ्यासकही रुमालाचा क्रमांकच सांगतात. कापडाचा एक चौकोन, चार टोकांची गाठ, आणि आत शेकडो कागद. ते कापड नसतं तर मागे उरली असती सुटी रद्दी.

काही वर्षांनी एका रस्त्याच्या कामाबाबत मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. लिहिलं, "सदर कामाच्या फाईलची प्रत मिळावी." कार्यालयाचं नाव घेत नाही. उत्तर आलं, सोबत दोन पानं. कार्यारंभ आदेश आणि अंतिम देयक. मी विचारलं तर कारकून म्हणतो, "दिली की फाईल." हा संवाद मी आधी ऐकला होता. फक्त पेनड्राईव्हच्या वेळी ऑपरेटर भोळा होता, इथे तसं वाटलं नाही.

मग मी प्रत्यक्ष पाहणी मागितली. कायद्याच्या कलम २ मध्ये तो अधिकार आहे, आणि 'अभिलेख' या शब्दाच्या व्याख्येत दस्तऐवज, हस्तलिखित आणि फाईल अशी तिन्ही नावं आहेत. नस्ती समोर आली. पत्रव्यवहाराच्या बाजूला पान ४१ नंतर थेट ५८. मधली सोळा पानं नाहीत. मोजमाप पुस्तिका वेगळी ठेवतात म्हणून तीही नाही. नाडी मात्र व्यवस्थित बांधलेली!

लोकहो, इथेच खरी मेख आहे. पानांवर क्रमांक होते म्हणून मला कळलं की काहीतरी काढलंय. क्रमांक नसते तर ती नस्ती पूर्णच दिसली असती. झिपच्या शेवटी असलेली यादी जे काम करते, तेच काम त्या पेन्सिलीच्या आकड्यांनी केलं. मी क्रमांकांचा उल्लेख करून पहिलं अपील केलं. सोळापैकी नऊ पानं 'सापडली'. सात आजपर्यंत सापडलेली नाहीत.

टिपणी हा फाईलचा भाग आहे की नाही, यावरून या देशात मोठी लढाई झालेली आहे. २००६ मध्ये केंद्र सरकार टिपण्या माहिती अधिकारातून वगळायची दुरुस्ती आणत होतं. त्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले, देशभर विरोध झाला आणि सरकारने ती दुरुस्ती पुढे नेली नाही. तेव्हा आम्ही ती बातमी 'पारदर्शकता' वगैरे शब्दांत लिहिली. आज वाटतं, प्रश्न अगदी साधा होता. एक फाईल म्हणजे किती? कागदाचा निर्णय तेवढा फाईल, की निर्णय कसा झाला तेही फाईल?

आता कचेऱ्या ई-ऑफिसवर गेल्या आहेत. तिथेही स्क्रीनवर एकच क्रमांक, आत हिरवी टिपणी आणि पत्रव्यवहार. चांगलंच आहे. पण अर्जदाराला प्रत देताना त्यातून काय बाहेर येतं? एक पीडीएफ. त्यात काय घातलं आणि काय नाही, हे प्रत काढणाऱ्याच्या हातात. आतल्या सिस्टीममध्ये गाठ पक्की असेल, पण ती गाठ प्रतीबरोबर आपल्या हातात येते का, हे बघणं आपलं काम.

न्यायालयातही हाच प्रश्न आला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना जे प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. आतला एक बिंदू बदलला तरी ठसा बदलतो. पण हा ठसा फाईलचा निघतो. फोल्डरचा कसा काढणार? कुठली फाईल आधी, कुठली नंतर, नावं आणि तारखा मोजायच्या की नाही, यावर सगळ्यांना मान्य अशी एकच पद्धत नाही. म्हणून एक तर प्रत्येक फाईलचा ठसा वेगळा काढून यादी करायची, नाही तर सगळं झिपमध्ये बांधून त्या एका फाईलचा ठसा काढायचा. चार फोटो आणि एक ऑडिओ असलेला फोल्डर 'हा घ्या पुरावा' म्हणून दिला आणि ठसा एकाच फोटोचा लिहिला, तर बाकीचे चार समोरचा वकील सुटे करणारच.

तर बारा वर्षांपेक्षा जास्त काळ हे डोक्यात घोळवून मी जो नियम केला तो असा. घरात काम करताना फोल्डर, दाराबाहेर पाठवताना गाठोडं. कामाला फोल्डरच बरा, एकेक वस्तू काढता येते, बदलता येते. पण वस्तू आपल्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणार असेल, तेव्हा 'एक आहे' हे आपल्याला दिसून उपयोग नाही, ते वस्तूवर लिहिलेलं असलं पाहिजे.

तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी, जपून ठेवा.

फोटो, व्हिडिओ, कागद तक्रारीसोबत पाठवताना आधी झिप करा आणि मगच पाठवा. व्हॉट्सॲपवर तसाही फोल्डर जात नाही, झिप जाते. आणि फोटो थेट पाठवलात तर आकार आणि दर्जा कमी होतो, तेही टळतं.

झिपमध्ये पहिली फाईल यादीची ठेवा. एकूण किती वस्तू, नावं काय, कधी काढल्या. आणि संदेशात लिहा, "आत एकूण बारा वस्तू आहेत." "एकच फाईल आहे" असं कधीही लिहू नका. अनुभवाचे बोल आहेत.

पोचल्याची खात्री होईपर्यंत मूळ प्रत पुसू नका. मूळ म्हणजे कॅमेऱ्याच्या कार्डावरची. लक्ष्मीपूजन दुसऱ्या कार्डावर काढा.

आणि माहिती अधिकाराच्या अर्जात 'फाईलची प्रत' असं मोघम लिहू नका. लिहा, "सदर कामाची संपूर्ण नस्ती, टिपणी भाग व पत्रव्यवहार भाग, पृष्ठ क्रमांकांसह, तसेच संबंधित मोजमाप पुस्तिकेची नोंद असलेली पाने." दोन रुपये पानाला पडतात. शंभर पानं झाली तर दोनशे रुपये. शाळेच्या स्लॅबपेक्षा स्वस्त आहे.

परवा त्या गावात एका लग्नाला गेलो होतो. शाळेची ती खोली पाडून नवी बांधली आहे. मांडवात तेव्हाचा फोन करणारा पालक भेटला. मुलगी आता नोकरीला लागली म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, "दादा, ते फोटो मिळाले का हो कधी?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "जाऊ द्या, आता खोली तरी बरी आहे."

मी नव्या खोलीचे फोटो काढून आणलेत. सध्या तरी भेग नाही. झिप केली आहे, दोन ठिकाणी ठेवली आहे आणि आत यादी आहे.